ओंकारेश्वर गाठताना : परिक्रमा उचलण्याआधीचे चार दिवस

नर्मदा परिक्रमेच्या नियमांची यादी मोठी आहे, पण सुरुवातीचं सगळं वेळापत्रक ठरवतात ते नियम दोनच. मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला राहिली पाहिजे, आणि संकल्प सोडल्यापासून परिक्रमा पुरी होईपर्यंत तिचं पात्र ओलांडायचं नाही. समुद्राशी विमलेश्वरहून मिठी तलाईला बोटीने जातात तो मुखाला घातलेला वळसा, त्याला ओलांडणं म्हणत नाहीत.

आता ओंकारेश्वरचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. ओंकारेश्वराचं देऊळ नर्मदेच्या मधोमध असलेल्या मांधाता बेटावर, म्हणजे शिवपुरीत. ममलेश्वर, गोमुख घाट, बसस्थानक आणि बहुतेक धर्मशाळा दक्षिण काठावर, ब्रह्मपुरी आणि विष्णुपुरीत. संकल्प होतो गोमुख घाटावर. एकदा तो झाला की बेटाकडे जाणाऱ्या पुलावर पाय टाकता येत नाही, कारण बेटावर जाणं म्हणजे मैयाचा एक प्रवाह ओलांडणं. म्हणून ज्योतिर्लिंगाचं दर्शन आधी, संकल्प नंतर. घाईने सकाळीच संकल्प उरकून "आता देवळात जाऊन येतो" म्हणणारे घाटावर भेटतात. त्यांना मग पलीकडच्या कळसाला इथूनच हात जोडावे लागतात.

परिक्रमा तीरावर कुठूनही उचलता येते. अमरकंटक, जबलपूरचा ग्वारीघाट, नर्मदापुरम, नेमावर, महेश्वर, गुजरातेत नारेश्वर किंवा गरुडेश्वर, सगळीकडून लोक निघतात. तरी मराठी माणसाला ओंकारेश्वर सोयीचं पडतं. एक तर रेल्वेने जवळ. दुसरं, संकल्पाच्या वेळी बाटलीत भरून घेतलेलं नर्मदेचं जल शेवटी ओंकारेश्वरालाच वाहायचं असतं, त्यामुळे सुरुवात आणि शेवट एकाच गावी होतात. तिसरं कारण हवेचं. दक्षिण काठाने निघालं की तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. नोव्हेंबरात निघणारा माणूस ऐन थंडीत शूलपाणीची झाडी आणि गुजरात चालतो, आणि हजार मीटरवरचं अमरकंटक येतं तेव्हा मैकलच्या डोंगरातला कडाका ओसरत आलेला असतो.

तिकीट आणि तिथी

चातुर्मास कार्तिकी एकादशीला सुटतो आणि तिथून परिक्रमा उचलायला सुरुवात होते. नेमके हेच दिवस छठपूजेच्या मागचे-पुढचे. छठ कार्तिक शुद्ध षष्ठीला, एकादशी त्यानंतर पाच दिवसांनी. दिवाळीपासून षष्ठीपर्यंत मुंबई-पुण्याहून उत्तरेकडे सुटणाऱ्या गाड्यांच्या स्लीपर डब्यात आरक्षण असूनही आपल्या बर्थपर्यंत पोचणं हे एक कामच असतं. षष्ठी उलटली की जाणारी गर्दी उतरते आणि परतीची वाढते. तेव्हा सप्तमी-अष्टमीच्या आधीचं तिकीट काढू नये.

आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. कार्तिकातल्या अष्टमीपासून साठ दिवस मागे मोजले तर भाद्रपदाची अष्टमी येते, म्हणजे घरात गौरी बसलेल्या असताना तिकीट काढायचं हे लक्षात ठेवायला सोपं. मध्ये अधिक महिना आला तर हा हिशेब चुकतो, त्या वर्षी कॅलेंडर बघावं. तत्काळवर विसंबायचं असेल तर खातं आधारशी जोडलेलं आणि पडताळलेलं हवं. आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गाचं सकाळी १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता उघडतं. परतीच्या तिकिटाचा विचार करू नये. पायी परिक्रमेला चार-साडेचार महिने लागतातच, तेव्हा ते साठ दिवसांच्या मर्यादेत बसतही नाही.

एकादशीलाच निघायचं की नाही, हा खरा प्रश्न. ओंकारेश्वरला एकादशी ते त्रिपुरी पौर्णिमा पंचक्रोशी यात्रा असते. त्या पाच दिवसांत धर्मशाळेत कोपरा मिळणं मुश्कील, घाटावर उभं राहायला जागा कमी, आणि पुरोहितांकडे एकामागून एक संकल्प. शिवाय या दिवसांत एकदम निघालेले सगळे परिक्रमावासी पुढचे चार-पाच मुक्काम एकाच वेळी गाठतात. जिथे वीस आसनं लागतात तिथे साठ मूर्ती येतात. (इथे माणसं मूर्तीत मोजतात. आश्रमात "कितनी मूर्ती?" असं विचारलं की "दो मूर्ती" म्हणायचं.) तिथीचा आग्रह नसेल तर पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी निघावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. शास्त्राला बाध येत नाही आणि झोपायला भिंत मिळते.

पहिला दिवस : घर ते गाडी

उतरायचं स्टेशन खांडवा. मुंबई–इटारसी मुख्य मार्गावरचं जंक्शन असल्याने मुंबईहून पंजाब मेल, महानगरी आणि कामायनी, पुण्याहून झेलम आणि गोवा एक्स्प्रेस तिथे थांबतात. नाशिक, मनमाड, जळगाव, भुसावळची मंडळी याच गाड्यांत वाटेत चढतात. अकोल्याहून मेळघाटातून खांडव्याला जाणारी जुनी मीटरगेज बंद आहे, म्हणून वऱ्हाडातून येणाऱ्यांनाही भुसावळचा वळसा पडतो.

आरक्षण करताना दोन चुका होतात. पहिली, नकाशात "ओंकारेश्वर रोड" नावाचं स्टेशन दिसतं आणि माणूस त्याच्यामागे लागतो. ते मोरटक्क्याजवळ, जुन्या महू–खांडवा मीटरगेज मार्गावर आहे. महूकडून येणारी गाडी गेजबदलाच्या कामासाठी २०२३ पासून बंद आहे, आणि मुंबई-पुण्याहून तिथे थेट गाडी कधी नव्हतीच. दुसरी चूक तारखेची. महानगरी मुंबईहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते. शनिवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारचं हवं. शनिवारचं काढलं तर आपण स्टेशनवर जाईपर्यंत गाडी जाऊन जवळजवळ चोवीस तास झालेले असतात.

गाडी निवडताना ती खांडव्याला किती वाजता पोचते हे बघावं. संध्याकाळी सुटणाऱ्या पंजाब मेल आणि झेलम पहाटेच्या अंधारात पोचवतात, महानगरी सकाळी, तर दुपारी सुटणारी कामायनी रात्री. रात्री पोचलं की खांडव्यातच मुक्काम करावा लागतो, म्हणून ती टाळलेली बरी. पहाटेची गाडी असेल तर गजर भुसावळचा लावावा. भुसावळ ते खांडवा सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर, दोनेक तासांचं अंतर आहे. भुसावळला जाग आली की अंथरूण गुंडाळून, सॅक बांधून, बूट घालून बसायला वेळ मिळतो. खांडव्याचा गजर लावणारा अर्धवट बांधलेल्या सॅकसकट उतरतो आणि टॉर्च बर्थवर राहते.

घर सोडण्याआधी सॅक ताणकाट्यावर टांगून वजन करावं. अंदाज चालत नाही, कारण खोलीत खांद्यावर घेतलेली दहा किलोची सॅक हलकीच वाटते. साधारण हिशेब असा बसतो: रिकामी सॅक १.२ किलो, पांघरूण किंवा स्लीपिंग बॅग १.१ किलो, फोमची पातळ चटई ३०० ग्रॅम, अंगावरचे सोडून कपड्यांचे दोन जोड १.२ किलो, ताट-वाटी-पेला ३०० ग्रॅम, औषधं २५० ग्रॅम, चार्जर आणि पॉवर बँक ३५० ग्रॅम, टॉर्च १०० ग्रॅम, पावसाचा पोंचो २५० ग्रॅम, पोथी आणि वही २०० ग्रॅम, प्यायचं पाणी १ किलो. सव्वासहा किलो झाले. वाटेत कुठे सीधा मिळाला, म्हणजे शिजवायचा कोरडा शिधा, तर त्याचा किलोभर धरा. सात-साडेसातच्या वर आकडा गेला तर काहीतरी काढलं पाहिजे. साठ किलोच्या माणसाने पाठीवर सहा-सात किलोच घ्यावेत. दहा घेतले तर पहिल्या आठवड्यात खांदे नव्हे, गुडघे बोलतात.

वजन फुगवणाऱ्या वस्तू ठरलेल्या असतात. बुटांचा दुसरा जोड, स्टीलचा थर्मास, जाड टॉवेल, आणि सगळ्यात मोठी म्हणजे घरून मिळालेला खाऊ. निघताना प्रत्येक जण लाडू-चिवड्याची पिशवी हातात देतो आणि नाही म्हणवत नाही. ती पिशवी गाडीतच शेजाऱ्यांत वाटून संपवावी. परिक्रमेत बालभोग (सकाळचा नाश्ता) आणि भोजनप्रसादी मिळत राहते, चिवडा वाहून नेण्याची गरज पडत नाही.

बूट नवे घालून निघू नये. एक नंबर मोठे घेऊन, जाड मोज्यांसह आणि भरलेल्या सॅकसह घरीच दीड-दोनशे किलोमीटर चालून घ्यावं. चालता चालता पाय सुजतात आणि पसरतात, दुकानात नीट बसलेला बूट तिसऱ्या दिवशी अंगठ्याचं नख काळं करतो.

दुसरा दिवस : खांडवा ते ओंकारेश्वर

पहाटे उतरलात तर उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात बसावं. अंधारात गाडीवाल्याशी घासाघीस करून निघण्यात ना पैसे वाचतात ना वेळ, कारण ओंकारेश्वरला इतक्या सकाळी खोली रिकामी झालेली नसते. वेळ असेल तर खांडव्यातच दादा दरबारला जाऊन यावं. धूनीवाले दादाजींची समाधी तिथे आहे, धुनी अखंड पेटलेली असते आणि प्रसादाला टिक्कड, म्हणजे जाड रोटी, मिळतं. नर्मदेच्या काठी दादाजींचं नाव पुढे ठिकठिकाणी कानावर येतं, तेव्हा ओळख इथेच झालेली बरी.

खांडवा ते ओंकारेश्वर रस्त्याने साधारण सत्तर किलोमीटर, सनावद आणि मोरटक्क्यावरून. इथे आपल्यासारखी एसटी नाही, सगळ्या खाजगी बस. थेट ओंकारेश्वरची बस लगेच मिळाली तर ठीक, नाहीतर इंदूरकडे जाणाऱ्या कुठल्याही बसने मोरटक्का फाट्यावर उतरावं. तिथून ओंकारेश्वर बारा-तेरा किलोमीटर, आणि मॅजिक (छोटी प्रवासी गाडी) किंवा रिक्षा भरली की निघते. "बस निघतेच आहे" याचा अर्थ सीटा भरल्या की निघेल असा असतो, तेव्हा पोहे खाऊन घ्यायला हरकत नाही. सॅक टपावर टाकायची वेळ आली तर पैसे, फोन आणि कागद आधी कमरेच्या पिशवीत घ्यावेत. काठी आणि बाटली हातात.

इंदूरकडून येणाऱ्यांची वाट वेगळी. विमान किंवा अवंतिका एक्स्प्रेसने इंदूर, तिथून बसने सुमारे ८० किलोमीटर. अंतर फार नाही, पण सिमरोल ते बडवाह दरम्यान घाट आहे आणि तिथे ट्रक अडकला की दोन तासांचे चार होतात. हा रस्ता मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडून दक्षिण काठावर येतो. येताना ओलांडली तर बिघडत नाही, संकल्प व्हायचा आहे. पण इथे एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्यावी: मोठी रुग्णालयं, विमानतळ आणि बहुतेक सोयी इंदूरला, म्हणजे पलीकडच्या काठावर आहेत. संकल्पानंतर दाढ दुखली तरी इंदूरला जाता येणार नाही, सनावद किंवा खांडवाच गाठावं लागेल. म्हणून दात, चष्मा, रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या, फोनचं सिम ही सगळी कामं घरीच किंवा फार तर या दोन दिवसांत उरकायची. पोचवायला आलेल्या घरच्यांना इंदूरच्या विमानतळावर सोडायचं असेल तर तेही संकल्पाआधी.

मुक्काम दक्षिण काठावरच शोधावा. शेगावच्या गजानन महाराज संस्थानची इथली शाखा मराठी मंडळींचं पहिलं ठिकाण आहे आणि स्वच्छतेबद्दल वेगळं सांगायला नको. खोली हमखास मिळेल हे मात्र गृहीत धरू नये, एखादी दुसरी धर्मशाळा मनात ठेवावी. आधार कार्ड मूळ हवं. शिवाय त्याच्या पाच-सहा छायाप्रती आणि तितकेच पासपोर्ट फोटो घरूनच आणावेत, पुढेही ठिकठिकाणी लागतात.

संध्याकाळी घाटावर जाऊन नुसतं पाणी बघावं. गावाच्या वरच्या अंगाला ओंकारेश्वर धरण आहे, ५२० मेगावॅट विजेचं. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की घाटावरची पातळी पाहता पाहता चढते. सकाळी कोरडी असलेली पायरी दुपारी बुडालेली असते आणि तिच्यावर शेवाळ असतं. भोंगा झाला की काठावर यायचं, आणि स्नान साखळी धरूनच. पोहता येतं हे कारण इथे उपयोगाचं नाही. परिक्रमावासीने तसंही काठालाच बुडी मारायची असते.

तिसरा दिवस : बेटावर

आजचा दिवस पलीकडचा. जे जे बेटावर आहे ते आज बघून घ्यायचं, कारण उद्यापासून काही महिने ते फक्त लांबून दिसणार आहे.

पहाटे निघालं तर दर्शनाची रांग आवाक्यात असते. सोमवारी आणि पंचक्रोशीच्या दिवसांत हे गणित चालत नाही. पलीकडे जायला पूल आहेत, नावाही आहेत. नावेत बसायचं तर दर आधी ठरवावा आणि लाइफ जॅकेट मागून घ्यावं. घाटावरून लोट्यात नर्मदेचं पाणी घेऊन जायचं, ते लिंगावर वाहतात. चपला कुठे ठेवता हे नीट बघा. रुळलेले बूट घालून देवळात गेलात आणि ते कुणी उचलले, तर सरावाचे दीडशे किलोमीटर त्यांच्याबरोबर गेले. आजच्या दिवसापुरती साधी रबरी चप्पल घाला. तीच पुढे मुक्कामावर आणि न्हाणीघरात उपयोगी पडते.

देवळाच्या अंगाला गोविंदपादांची गुहा आहे. आदि शंकराचार्यांना त्यांचे गुरू इथेच भेटले अशी परंपरा आहे. वर डोंगरावर शंकराचार्यांचा बालरूपातला १०८ फुटी पुतळा सप्टेंबर २०२३ मध्ये उभा राहिला. बेटाची प्रदक्षिणा, म्हणजे ओंकार पर्वताची परिक्रमा, सातेक किलोमीटरची आहे. चढउतार आणि पायऱ्या धरून तीन तास. ही सॅक घेऊन करावी, हा आमचा हट्टाचा सल्ला. वजनाची खरी परीक्षा इथेच होते. पट्टा कुठे घासतो, कमरेचा पट्टा पोटाऐवजी कंबरेच्या हाडावर बसतो का, काठीची उंची बरोबर आहे का, हे सातव्या किलोमीटरला आपोआप कळतं, आणि दुरुस्तीला अजून दुपार हातात असते.

दुपारी परत येऊन सॅक जमिनीवर उपडी करायची. सकाळी एकदाही न लागलेली आणि औषधांत न मोडणारी प्रत्येक वस्तू बाजूला. यासाठी घरूनच एक कापडी पिशवी आणि सुई-दोरा आणलेला असेल तर पार्सल शिवून गावच्या पोस्टातून घरी पाठवता येतं. रविवार किंवा सुट्टी नाही ना, एवढं आधी बघावं. सरासरी दीड-दोन किलो इथे कमी होतात. लाज वाटायचं कारण नाही, सगळ्यांचेच होतात.

मग खरेदी. पांढरे कपडे घरून आणलेले असतात. इथे घ्यायची काठी, आसन आणि जलाची बाटली. काठी खांद्याला लागेल इतकी, खाली लोखंडी टोपण असलेली. नुसत्या लाकडाचं टोक डांबरी रस्त्यावर आठ दिवसांत झिजून फुटतं.

बाटलीवर मात्र जरा थांबावं, कारण चार महिन्यांचा सगळा भार तिच्यावर असतो. बाजारात तांब्याच्या नाजूक कुप्या दिसतात. त्यांचं झाकण आट्यांचं असलं तरी आत रबर नसतं, आणि सॅक आडवी पडली की पाणी हळूहळू पाझरतं. काच फुटते. शंभर ते दीडशे मिलीलीटरची, जाड प्लॅस्टिकची, आत रबरी चकती असलेल्या झाकणाची बाटली सगळ्यात चांगली. निम्मी-पाऊण भरायची. काठोकाठ भरली तर उन्हात हवा आणि पाणी फुगून झाकणातून थेंब बाहेर येतो. आदल्या रात्री साधं पाणी भरून, झाकण लावून, कागदावर उलटी ठेवायची. सकाळी कागद कोरडा असेल तरच ती बाटली खरी. ही बाटली जमिनीवर ठेवत नाहीत. मुक्कामावर आसनावर मांडून सकाळ-संध्याकाळ तिचीच पूजा आणि आरती होते, आणि पुढे तीर्थांवर थोडं जल वाहून तितकंच नवं घ्यायचं असतं. म्हणून ती सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात किंवा छातीशी बांधलेल्या छोट्या पिशवीत हवी.

संध्याकाळी पुरोहितांशी बोलून घ्यायचं, उद्या सकाळी नव्हे. त्यांना सांगण्याच्या गोष्टी: पायी की वाहनाने, सलग की खंडपरिक्रमा (टप्प्याटप्प्याने), किती मूर्ती, नाव आणि गोत्र. खंडपरिक्रमा करायची असेल तर ते संकल्पातच उच्चारलं जातं, मागाहून बदललं तर मनाला चुटपूट लागते. दक्षिणा आणि कढाईचा खर्च आजच स्पष्ट ठरवावा. कढाई म्हणजे मैयाला दाखवायचा शिऱ्याचा नैवेद्य, तो कन्यांना आणि घाटावरच्यांना वाटतात. सव्वा पटीने साहित्य घ्यायची रीत आहे. दोन-तीन जणांत सव्वा किलो रव्याची कढाई भरपूर होते. परिक्रमावासी असल्याचं पत्र कुठे मिळतं तेही त्यांनाच विचारावं. फोटो आणि आधारची प्रत तिथे लागते. शंभर पानी वहीही घ्यावी. वाटेतल्या आश्रमांचे शिक्के तारखेसह तिच्यात घेत जातात, आणि पुढे अनोळखी गावात तीच तुमची ओळख ठरते.

रोख रक्कम शंभर आणि पन्नासच्या नोटांत हवी, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेली. फोनवरून पैसे देणं इथे चालतं, शूलपाणीच्या झाडीत नेटवर्कच नसतं.

जेवण झाल्यावर जमलं तर शेवटचं एकदा पलीकडे शयन आरतीला जाऊन यावं. आरतीनंतर देवापुढे शंकर-पार्वतीसाठी चौपड, म्हणजे सारीपाट, मांडतात आणि दार बंद होतं.

चौथा दिवस : संकल्प

उजाडायच्या आत गोमुख घाटावर. पुरुषांचं क्षौर आधी, स्नान नंतर. यापुढे परिक्रमा पुरी होईपर्यंत केस-दाढी-नखं काढायची नाहीत अशी रीत आहे, म्हणून नखंही आत्ताच कापून घ्या. वाढलेलं नख बुटात बोटाला लागतं. स्नानाला साबण नाही. पूजा, संकल्प, बाटलीत जल भरणं, कन्यापूजन, कढाई, मैयाची आरती, हे सगळं मिळून दोन ते तीन तास जातात. गर्दीच्या दिवसांत चार.

बाटली भरताना घाई करू नये. घाटाच्या पायरीला लागून निर्माल्य आणि तेलाचा तवंग असतो. दोन पायऱ्या खाली उतरून, साखळी धरून, वाहत्या धारेत बाटली पूर्ण बुडवून भरावी. झाकण लावून उलटी करून बघावी.

संकल्पानंतर ममलेश्वर. ते याच काठावर असल्याने दर्शनाला अडचण नाही. भिंतीवर कोरलेलं शिवमहिम्न स्तोत्र बघायला विसरू नका. तिथला लेख इसवी सन १०६३ चा आहे. रोज पाठ म्हणणारी माणसं तिथे हमखास रेंगाळतात.

आज किती चालायचं? मोरटक्क्यापर्यंत, बस. बारा-तेरा किलोमीटर. घाटावरून निघायलाच अकरा वाजतात, निमाडचं ऊन नोव्हेंबरातही दुपारी लागतं, आणि कढाईचा शिरा पोटात असतो. पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस ओढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोड येतात. काठाने खडकाळ पाऊलवाट आहे, ती सामान अंगवळणी पडल्यावर बरी. आज रस्त्याने गेलं तरी चालतं, नदी उजवीकडे आहे ना एवढंच बघायचं. वाटेत कुणी दुचाकी थांबवून "बैठो बाबाजी" म्हणेल. पायी संकल्प केलेल्याने नर्मदे हर म्हणून पुढे जायचं.

मोरटक्क्याला पूल दिसतो, परवा इंदूरहून येणारे ज्यावरून आले तोच. आज त्याच्याकडे वळायचं नाही, डाव्या काठानेच पुढे. साडेचारच्या आत आश्रमात पोचून आसन कुठे लावायचं ते विचारावं. उशिरा येणाऱ्याला ओसरीची बाहेरची कड मिळते आणि रात्री नदीवरचा वारा थेट अंगावर येतो. पुढच्या मुक्कामांत रावेरखेडी येतं, २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांचा जिथे अंत झाला ते. त्यांची समाधी तिथे नदीकाठी आहे. भुसावळ सुटल्यावर गाडीत पाटीवर वाचलेलं रावेर ते हे नव्हे, ते जळगाव जिल्ह्यातलं.